लपवलेली श्रीमंती आणि जाहीर सूड: या प्रेमकथांचं यंत्र कसं चालतं, कुठे अडतं

अर्धविराम:

ऑनलाइन भागाभागाने येणाऱ्या, श्रीमंती लपवणाऱ्या नायक-नायिकांच्या प्रेमकथांचा साचा सगळ्यांना पाठ आहे. घरजावई किंवा साधी दिसणारी सून, सासरचे टोमणे, भरसमारंभात पाणउतारा, घटस्फोटाच्या कागदावर सही. मग दाराशी काळ्या गाड्यांचा ताफा. त्यातून पांढऱ्या केसांचा दिवाणजी उतरतो, कमरेत वाकतो आणि म्हणतो, "मालक, तीन वर्षं पूर्ण झाली." सासूच्या हातातला कप फुटतो. (कपच फुटायला हवा. बशी चालत नाही.)

यावर हसून झालंय. आता यंत्र उघडून बघू या. नव्या लेखकांचा समज असा की वाचक श्रीमंती बघायला येतो. म्हणून ते गाड्या, घड्याळं, खासगी बेटं वाढवत नेतात आणि चाळिसाव्या भागाला वाचक गळतो. माझ्या मते पैसा इथे हत्यारापुरता आहे, कथा चालते ती उधारीच्या वहीवर. प्रत्येक अपमान म्हणजे नावे टाकलेली रक्कम: कोणी केला, कुठे, कुणादेखत, नेमक्या कोणत्या शब्दांत. वाचक ही वही तोंडपाठ ठेवतो, लेखक विसरला तर प्रतिसादांत आठवण करून देतो. वसुली त्याच माणसाकडून, जमल्यास त्याच जागी, त्याच साक्षीदारांसमोर, आणि शब्दही तेच, फक्त उलटलेले.

पहिल्या तीन भागांत निदान तीन नोंदी पडायला हव्यात आणि त्यांचं वजन सारखं नको. जेवणाच्या टेबलावर वेगळं ताट, ही लहान नोंद. मेहुण्याने पाहुण्यांसमोर "हा आमच्याकडे गाड्या पुसतो" अशी ओळख करून देणं, ही मधली. आजीच्या वाढदिवसाला याने आणलेली भेट न उघडता कचऱ्यात टाकणं, ही मोठी. परतफेड लहानापासून मोठ्याकडे. मोठी आधी फेडली की उरलेल्या दोन शिळ्या होतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे अपमान बंद खोलीत आणि सूड सभागृहात. सभागृहातल्या दोनशे माणसांना ते वाक्य माहीतच नाही, मग ती अवाक कशी होणार? लेखक मग एखाद्या काकूच्या तोंडून मागची हकीकत वदवून घेतो आणि ऐन रंगात आलेला प्रसंग खाली बसतो.

शाईचा_डाग:

वहीशी सहमत. थोडी वंशावळ जोडतो, कारण आज जगभर फिरणारे यातले बरेच साचे चिनी ऑनलाइन कादंबऱ्यांतून आलेत.

छीत्येन या चिनी संकेतस्थळाने २००३ मध्ये भागवार पैसे घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीचे भाग फुकट, पुढे हजार अक्षरांमागे दोन-तीन फेन (१०० फेन म्हणजे एक युआन). रक्कम चिल्लर, पण लेखकाची कमाई अक्षरांवर ठरू लागली. साहजिकच कथा हजार-हजार भागांच्या झाल्या आणि प्रत्येक भागाच्या शेवटी पुढचा भाग विकत घ्यावासा वाटेल असं काहीतरी लटकवून ठेवणं आलं. या बाजारात जी परिभाषा रुजली ती लेखकांनी मुळातूनच समजून घ्यावी. 'दाल्येन' म्हणजे शब्दशः तोंडावर चपराक: तुच्छ लेखणाऱ्याला सर्वांदेखत खोटं पाडणं. 'डुक्कर बनून वाघ खाणं' म्हणजे ताकद झाकून गाफील शत्रूला गाठणं. 'बंडी गळणं' म्हणजे पात्राने पांघरलेली एकेक ओळख उघडी पडणं. नायिका एकाच वेळी निनावी शल्यविशारद, हॅकर आणि दागिन्यांची डिझायनर असली की तिच्या अंगावर तीन बंड्या, आणि तीन वेळा उलगडा. नवऱ्याच्या पश्चात्तापाच्या शाखेचं नाव तर अफलातून आहे: 'बायकोचा पाठलाग, थेट स्मशानभट्टीपर्यंत'. घरजावयाची कथा हा तिकडे स्वतंत्र प्रकार आहे. २०२० मध्ये अशाच एका कथेच्या जाहिरातीतलं नायकाचं वाकडं हसू चीनभर थट्टेचा विषय झालं होतं.

मग आल्या उभ्या पडद्याच्या लघुमालिका. एक-दोन मिनिटांचा भाग, असे साधारण साठ ते शंभर भाग, पहिले दहाच्या आसपास फुकट, पुढे नाणी टाका. इथे वहीचं तंत्र स्पष्ट दिसतं. कुलूप कधी लावायचं? नोंद पडल्यानंतर आणि वसुलीच्या आधी. हात उगारला, कुलूप. दार उघडलं, आत आलेल्याचे फक्त बूट दिसले, कुलूप. वसुली फुकट भागातच होऊन गेली तर प्रेक्षक समाधानाने निघून जातो. उलट दहाही भाग नुसते अपमानच केले तर तो चिडून जातो. म्हणून फुकट हिश्श्यात एक छोटी वसुली द्यायची (उर्मट विक्रेता, रांगेत घुसणारा चुलतभाऊ) आणि मोठी अडकवून ठेवायची. दुकानदार चव दाखवायला देतो तेवढीच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनच्या रेडिओ-टीव्ही नियामकाने 'दबंग सीईओ' छापाच्या लघुमालिकांची संख्या आवरा, शीर्षकांत असले शब्द घालून गर्दी खेचू नका, अशा सूचना काढल्या. नियामकाला दखल घ्यावी लागली, यावरून पीक किती माजलं होतं ते कळावं.

खवट_काकडी:

'बंडी गळणं' म्हणजे डुआयडी (एकाच माणसाचं दुसऱ्या नावाचं खातं) उघडा पडणं! त्या आनंदाला नाणी पडतात हे माहीत नव्हतं.

हिशेबनीस:

वही ठीक, पण पैशाचा तपशील हास्यास्पद असेल तर हत्यार बोथट होतं. वाचकाला ताळेबंद वाचता येत नसेलही, पण लेखक थापा मारतोय हे त्याला वासावरून कळतं. सगळ्यात जास्त घसरगुंडी होते त्या जागा सांगतो.

"ही कंपनी मी आत्ता विकत घेतली." एका फोनवर. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर हे होत नाही. बऱ्याच देशांत ५ टक्के किंवा त्याहून कमी हिस्सा झाला तरी जाहीर करावं लागतं. पुढे एका मर्यादेनंतर बाकीच्या भागधारकांनाही खरेदीचा प्रस्ताव द्यावा लागतो आणि त्यात महिने जातात. म्हणजे गुपित फुटायचं ते तिथेच फुटतं. खासगी कंपनी असेल तर शेअर चार-पाच जणांच्या हातात असतात, पण नियमावलीत बहुधा अट असते की बाहेरच्याला विकण्याआधी आतल्यांना विचारा. यातला अडथळा कथेच्या कामाचा आहे: अपमानित जावयाला गुपचूप हिस्सा विकणारा घरातलाच कोणीतरी लागतो. रुसलेला धाकटा काका, विधवा आत्या. एक पात्र आपोआप जिवंत झालं.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे मालक होण्याच्या भानगडीत न पडता सावकार व्हा. सासऱ्याच्या कंपनीवर बँकेचं कर्ज आहे. ते कर्ज बँक दुसऱ्याला विकू शकते. काही करारांत कर्जदाराची संमती लागते, पण हप्ता थकला की ती अट बऱ्याच करारांत गळून पडते. करारात आणखी अटी असतात: नफा अमुक पातळीखाली गेला किंवा तारण विकलं तर सगळं कर्ज एकरकमी मागता येतं. नायक हे कर्ज एखाद्या निनावी कंपनीमार्फत बँकेकडून विकत घेतो. सासऱ्याला फक्त पत्र येतं की यापुढे हप्ता या नव्या खात्यात भरा. दहा भाग तो त्या खात्यात हप्ते भरतो आणि घरी येऊन त्याच माणसाला फुकट्या म्हणतो. अर्धविराम यांची उधारीची वही इथे अक्षरशः उधारीचीच होते. एवढी आयती गोष्ट सोडून लोक हेलिकॉप्टर का आणतात, देव जाणे.

"तुला कामावरून काढलंय." भागधारक, अगदी बहुमतवाला असला तरी, कॉरिडॉरमध्ये उभा राहून संचालकाला काढू शकत नाही. सभा लागते, सभेची सूचना लागते, विषयपत्रिका लागते. पण बघा ना, खलनायकाच्या टेबलावर विषयपत्रिका येते, चौथा विषय 'अध्यक्षांना पदावरून दूर करणे', आणि मागणी करणाऱ्या भागधारकाच्या जागी अनोळखी कंपनीचं नाव. सभा तीन आठवड्यांनी. तीन आठवडे त्याची झोप उडालेली! कॉरिडॉरमधल्या एका वाक्याने हे साधत नाही.

काळं कार्ड. अमेरिकन एक्सप्रेसचं सेंच्युरियन कार्ड १९९९ मध्ये आलं, आमंत्रणावरच मिळतं आणि बहुतेक कथांतलं काळं कार्ड त्याचंच भावंड. त्यावर आधी ठरवलेली खर्चमर्यादा नसते. लेखक याचं भाषांतर 'अमर्याद' असं करतात, ते चूक. सवयीबाहेरचा प्रचंड व्यवहार आला की थांबवून विचारणा होऊ शकते. शिवाय गुप्त श्रीमंताने स्वतःच्या नावाचं कार्ड खिशात बाळगून तीन वर्षं घरकाम केलं आणि कपडे धुताना ते कुणालाच सापडलं नाही?

लपणं सोपं नाही, हेही ध्यानात घ्या. ब्रिटनमध्ये २०१६ पासून २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा किंवा मताधिकार असणाऱ्याची नोंद कंपनीला करावी लागते. म्हणून 'एकट्याच्या मालकीचं साम्राज्य' लपवण्यापेक्षा विश्वस्तांच्या हाती असलेली, ठरावीक वयाला किंवा तारखेला हातात येणारी संपत्ती पटते. तोवर नायक कागदावर खरंच कफल्लक असतो. त्याला खोटं बोलावं लागत नाही आणि सासूचंही चुकत नाही.

रातराणी_७:

वीस भागांची कथा आहे, भाग साधारण हजार-बाराशे शब्दांचा. गुपित कितव्या भागात फोडावं? काही ठिकाणी 'जितकं उशिरा तितकं चांगलं' असं वाचलं.

अर्धविराम:

'उशिरा' हा सल्ला अर्धाच आहे. गुपित एकदाच फोडायचं नसतं, उतरंडीने फोडायचं असतं. वाचकाला पहिल्या भागाच्या शेवटी कळलेलं असावं. त्याला माहीत नसेल तर पुढचे अपमान नुसतेच क्लेशदायक. माहीत असेल तर प्रत्येक टोमण्याला तो मनात म्हणतो, थांब, बघतोच तुझ्याकडे.

मग जाणणाऱ्यांची संख्या एकेकाने वाढवा. वीस भागांत अंदाजे असं: चौथ्या भागात एक परका ओळखतो (बँकेतला अधिकारी, जुना शाळूसोबती) आणि गप्प राहतो. आठव्यात एका दुय्यम खलनायकाला पुरावा सापडतो, तो घरी सांगतो आणि कुणी विश्वास ठेवत नाही, उलट त्यालाच वेड्यात काढतात. हा या साच्यातला सर्वांत मजेदार भाग असतो आणि नवे लेखक तोच गाळतात. बाराव्या-तेराव्यात जिच्यावर प्रेम आहे तिला कळतं. सोळाव्यात सगळ्यांना. उरलेले चार भाग परिणामांसाठी राखून ठेवा. जाहीर उलगडा एकोणिसाव्यात केला तर वसुलीला जागाच उरत नाही आणि शेवटचा भाग पावत्या फाडण्यात जातो.

खूण कोणती वापरणार तेही आधी ठरवा. अंगठी, जुनं पेन, सहीची लकब, काहीही. पण ती वस्तू पहिल्या तीन भागांत क्षुल्लक म्हणून दिसलेली हवी. कालिदासाने दुष्यंताची अंगठी अशीच वापरली. महाभारतातल्या मूळ कथेत अंगठी नाही, तिथे आकाशवाणीने काम भागवलंय. आकाशवाणीची आजची आवृत्ती म्हणजे टीव्हीवरची ब्रेकिंग न्यूज: अचानक पडद्यावर नायकाचा फोटो आणि 'अब्जाधीश परतले'. आळशी उपाय. टाळा.

शाईचा_डाग:

एका गोष्टीला विरोध. नायिकेला गर्दीच्या आधी कळलं की सोळाव्या भागातल्या स्फोटातली निम्मी दारू ओली होते. सभागृहात सगळ्यांबरोबर तिचाही चेहरा बदलताना दिसला पाहिजे. विकणारे सगळे तसंच करतात, उगाच नाही.

सुईदोरा:

विकतं खरं, पण सतराव्या भागापासून कथा लंगडते ती त्याच्यामुळेच. हिशोब मांडून बघा. सासू, मेहुणा, जुना प्रियकर यांनी नायकाला गरीब समजून हिणवलं, ती त्यांची उधारी. पण नायिकेने काय केलं? ती गरीब माणसाबरोबर तीन वर्षं राहिली, आईचं बोलणं खाल्लं, घरखर्चासाठी दोन नोकऱ्या केल्या. आणि तो हे सगळं बघत होता, त्याच्याकडे पैसे असताना. म्हणजे या वहीत सर्वांत मोठी रक्कम नायिकेची येणे आहे आणि देणेकरी नायक आहे. बहुतेक लेखक हे पान फाडून टाकतात. तिला हिऱ्यांचा हार देतात, ती रडते, मिठी, समाप्त. प्रतिसादांत मात्र एक ओळ हमखास येते: "मग तिच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी हा गप्प का होता?"

तेव्हा लपण्याचं कारण आधी पक्कं करा. 'ती पैशासाठी प्रेम करते का ते बघायचं होतं' हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक कारण. परीक्षा घेणारा नायक हा फसवणारा नायकच, आणि तीन वर्षांनंतर तर निर्दयीही. सक्तीचं कारण हवं: बोलला तर काहीतरी खरोखर हातातून जाईल. आणि तरीही नायिकेच्या घरी अगदी गळ्याशी आलं तेव्हा त्याने ते गमावण्याची तयारी दाखवलेली हवी. त्याने गुपचूप मदत केली, तिला कळलं नाही, श्रेय दुसऱ्याने लाटलं, हा जुना उपाय अजून चालतो, कारण त्यातून वहीत नवी नोंद पडते.

श्रीमंती नायिकेची असेल तर यंत्राचे दाते वेगळे बसतात. तिथे नवराच हिणवणारा असतो. सही होते, ती रिकाम्या हाताने निघते आणि गाडी येते ती दुसऱ्या-तिसऱ्या भागातच. म्हणजे उलगडा लवकर, आणि उरलेली कथा पाठलागाची. अडचण एकच: तिच्याकडे दार उघडून जायची सोय पहिल्या दिवसापासून होती, मग ती तीन वर्षं का राहिली? 'प्रेमापोटी' एवढंच उत्तर दिलं तर ती बावळट ठरते. माहेराशी पैज, आजोबांची अट, किंवा तिने स्वतःच माहेरचा पैसा नाकारला होता, असं काहीतरी तिच्या निर्णयातून आलेलं हवं. आणि पाठलागाच्या भागात नवऱ्याला पश्चात्ताप कधी होतो ते फार महत्त्वाचं. तिची संपत्ती कळल्यावर झाला तर तो पश्चात्ताप नसून हिशोब आहे. किमान दोन भाग आधी, ती गरीबच आहे असं समजत असताना, घरात तिची उणीव भासलेली दाखवा. चहाची चव बदलली एवढ्यावर भागवू नका, त्याला मोलकरीण हवी होती असं वाटतं.

खवट_काकडी:

चहाची चव!! किती कथांत तो एकच कप गार होतोय.

नांदी:

शाईचा_डाग आणि सुईदोरा यांच्या वादाचा निकाल विराटपर्वात लागलेला आहे. लपण्याचं कारण बघा: बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास, आणि त्या वर्षात ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षं. तोंड उघडण्याची किंमत आकड्यात ठरलेली. म्हणून द्रौपदीला कीचक छळतो तेव्हा भीमाचे हात बांधलेले आहेत हे आपल्याला पटतं, आणि तरीही तो रात्री जाऊन कीचकाला मारतो. सुईदोरा म्हणतात तेच: गळ्याशी आल्यावर गुपित पणाला लावायची तयारी. मुखवटेही उगाच दिलेले नाहीत. युधिष्ठिर द्यूतात हरला आणि कंक होऊन द्यूतच खेळायला बसला. बल्लव झालेला भीम खाण्यावर प्रेम असणारा. आजच्या कथांत नायक नेहमी 'साधी नोकरी' करतो, तिचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

अपमानाची नोंदही नमुनेदार आहे. राजकुमार उत्तर जिंकल्याची बातमी आली म्हणून विराट खूश, आणि कंक म्हणतो की विजय बृहन्नडेमुळे. चिडून विराट हातातले फासे त्याच्या तोंडावर मारतो. नाकातून रक्त येतं, सैरंध्री ते पात्रात धरते. आपल्याला माहीत आहे हा कोण आहे, विराटाला नाही. तिसऱ्या दिवशी पांडव राजवेषात येऊन राजांच्या आसनांवर बसतात. विराट आधी संतापतो, माझा द्यूत खेळणारा सेवक या आसनावर कसा? मग अर्जुन ओळख सांगतो. ताफा नाही, दिवाणजी नाही. जागा बदलून बसले, इतकंच.

आणि मग प्रेमाचा, म्हणजे लग्नाचा प्रश्न. विराट आपली मुलगी उत्तरा अर्जुनाला देऊ करतो. आजच्या साच्यात इथे फटाके. अर्जुन स्वतःसाठी नाही म्हणतो आणि तिला सून म्हणून, अभिमन्यूसाठी स्वीकारतो. कारण वर्षभर तो तिला नृत्य शिकवत अंतःपुरात वावरला. तिने त्याच्यावर वडीलधाऱ्यासारखा विश्वास टाकला, लोकांच्या मनात संशय यायला नको. वेषांतरात मिळालेला विश्वास वेषांतर उतरल्यावर लग्नाला वापरायचा नाही, हे त्याला कळलेलं होतं. ऑनलाइन प्रेमकथेत नायकाने नायिकेला सोडून द्यावं असं म्हणत नाही. पण गुपित फुटल्यानंतर लग्न पुन्हा विचारलं गेलं पाहिजे आणि तिला नाही म्हणायची खरी मोकळीक पाहिजे. ते गर्दीत होत नाही. दोनशे माणसांसमोर कोण नाही म्हणेल? म्हणून तिला आधी सांगायचं, एकटीला.

शाईचा_डाग:

उत्तरेचा मुद्दा मान्य. मग सोळाव्या भागात चेहरा कुणाचा बदलायचा? कारण तो 'क्लोज-अप' तर लागतोच.

नांदी:

मेहुण्याचा. आणि नायिकेचा चेहरा दाखवायचाच असेल तर न बदललेला दाखवा. सगळे वळून तिच्याकडे बघतात आणि तिला आधीच माहीत होतं हे त्यांना कळतं. सासूला तो दुसरा धक्का.

हिशेबनीस:

शब्द उलटवण्याबद्दल एक जुना दाखला. अलेक्झांद्र द्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्तो' १८४४ ते १८४६ दरम्यान पॅरिसच्या एका दैनिकात क्रमशः आली, म्हणजे तीही भाग लटकवत ठेवायच्याच धंद्यातली. काउंट कितीही रक्कम उचलता येईल असं पतपत्र घेऊन जातो ते शत्रूच्याच बँकेत. काळ्या कार्डाचा पणजोबा म्हणा. पण त्या शत्रूला, डांग्लारला, तो पैसे फेकून मारत नाही. या माणसाने खोटं निनावी पत्र लिहून नायकाला तुरुंगात पाठवलेलं असतं. काउंट तारयंत्र चालवणाऱ्याला लाच देऊन स्पेनबद्दल खोटा संदेश पाठवतो आणि डांग्लार घाबरून तोट्यात रोखे विकतो. खोट्या पत्राची परतफेड खोट्या तारेने. खलनायकाला बुडवतो त्याचा स्वतःचा हव्यास, नायक फक्त बातमी पुरवतो. हे जमलं तर वाचकाला नायक क्रूर वाटत नाही.

सुईदोरा:

क्रूरतेवरून आठवलं, या साच्याची सर्वांत कुजकी जागा. वसुली सुरू होते ती नेहमी पगारी माणसापासून. पहारेकऱ्याने अडवलं, काढून टाका. विक्रेतीने 'परवडणार नाही' म्हटलं, काढून टाका. स्वागतकक्षातल्या मुलीने भेटीची वेळ विचारली, तिलाही काढा. ती बिचारी तिचं काम करत होती! आणि वाचकाने टाळ्या वाजवायच्या. कथा म्हणते गरिबाला हिणवू नका, आणि पहिला बळी ज्याच्याकडे पुढच्या महिन्याचं भाडं नाही त्याचा. शिवाय 'हिणवलंस तो श्रीमंत निघाला' हाच गुन्हा ठरतो. तो खरंच गरीब असता तर सगळं चाललं असतं, असा सूर नकळत उमटतो. हे टाळायला किमान एक खरा गरीब माणूस कथेत ठेवा, ज्याच्याकडे शेवटपर्यंत काहीच निघत नाही आणि नायक त्याच्याशी कसा वागतो ते दिसतं.

आणि नोंदीच्या मापाने वसुली. टोमण्याला दिवाळखोरी नको. टोमण्याला टोमणाही पुरतो, जर तो बरोबर माणसांसमोर आला तर. मारहाण, कट, लबाडीने सही घेणं, यांना मोठी शिक्षा. माप चुकलं की तिसऱ्या वसुलीपासून वाचक खलनायकाच्या बाजूने विचार करू लागतो.

रातराणी_७:

हे उपयोगी आहे. दोन शंका. खलनायक किती मूर्ख चालतो? आणि श्रीमंती कितपत वाढवत न्यायची? सध्या दहाव्या भागात तो शहरातला सर्वांत श्रीमंत आहे.

अर्धविराम:

दहाव्यात शहर, मग पंधराव्यात देश आणि विसाव्यात बहुधा मंगळ. वाढवू नका. पहिल्या भागात वाचकाला जेवढी दाखवली तेवढीच ठेवा आणि तिची वेगवेगळी टोकं उघडा: आधी कर्ज, मग ती इमारत, मग ज्या पुरस्कारासाठी मेहुणा धडपडतोय त्याची देणगी. सगळं एकाच मालकीतून आलेलं, म्हणून मागे वळून पाहिल्यावर जुळतं. दर वसुलीला नवा, आधीपेक्षा मोठा शत्रू आणला की पुढच्या वेळी त्याहून मोठा आणावा लागतो आणि सासू, जिच्यामुळे कथा सुरू झाली, ती विसरली जाते.

खलनायकाच्या अकलेची चाचणी सोपी आहे. त्याला पुरावा दिसला तर तो शहाण्या माणसासारखा तपास करतो का? करू द्या. तो तपास करतो आणि वाजवी कारणाने चुकीच्या निष्कर्षावर येतो. जावयाच्या नावाचं महागडं पार्सल आलं, चौकशी केली, कळलं की तो एका श्रीमंत माणसाचा निरोप्या आहे. (ते नायकाच्याच दिवाणजीने सांगितलं.) आता खलनायक मूर्ख दिसत नाही आणि पुढचा अपमान जास्त आत्मविश्वासाने करतो. 'बनावट कार्ड असणार' हे उत्तर एका कथेत एकदाच वापरता येतं.

रातराणी_७:

आणि स्वागतकक्षातली मुलगी? पाचव्या भागात तिने नायकाला बाहेर बसवून ठेवलंय, तिला आता काढता येणार नाही म्हणजे. नोंद तर पडलीय.

सुईदोरा:

राहू दे तिला. सतराव्या भागात तो मालक म्हणून येईल तेव्हा पुन्हा तिच्याच टेबलासमोर उभा करा. ती घाबरून उठते, तो रांगेतल्या दोघांच्या मागे थांबतो आणि पाळी आल्यावर ओळखपत्र काढून दाखवतो. मागे मेहुणा उभा आहे, त्याच्याकडे पास नाही. ती नियमाप्रमाणे त्याला बाहेर बसायला सांगते.